अमेरिकेतला गांजा आणि हेम्प: फेडरल कायद्यात काय बदललं आणि काय नाही – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे, आणि त्यांच्याकडे सहा महिने राहायला येणाऱ्या आईबाबांसाठीही. जानेवारी २०२६ पर्यंतची परिस्थिती धरून लिहिलंय. हा कायदेशीर सल्ला नाही, तुमची केस असेल तर वकील गाठा.

ट्रम्पनी गांजा लीगल केला असा फॉरवर्ड आलाय. खरंय का?

नाही. १८ डिसेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी एका एक्झिक्युटिव्ह ऑर्डरवर सही केली हे खरं, पण त्यात अ‍ॅटर्नी जनरलना एवढंच सांगितलंय की गांजा शेड्यूल वनमधून काढून शेड्यूल थ्रीमध्ये टाकायचं जे काम रखडलंय ते लवकरात लवकर उरका. ऑर्डरवर सही झाली म्हणून गांजा त्या दिवशी कुठून कुठे हलला नाही, आणि उद्या हलला तरी शेड्यूल थ्री म्हणजे लीगल नव्हे. फॉरवर्ड करणाऱ्याने बहुतेक हेडलाइनच वाचली असणार.

हे शेड्यूल म्हणजे नेमकं काय?

१९७० मध्ये निक्सनच्या काळात कंट्रोल्ड सबस्टन्सेस अ‍ॅक्ट आला, त्यात औषधं आणि ड्रग्ज यांच्या पाच याद्या केल्या. शेड्यूल वन म्हणजे सगळ्यात कडक, ज्याचा औषधी उपयोग मान्य नाही आणि गैरवापराचा धोका जास्त. हेरॉइन, एलएसडी आणि गांजा तिथे एकाच यादीत बसलेत. गंमत बघा, कोकेन आणि फेंटानिल शेड्यूल टूमध्ये आहेत, म्हणजे कागदावर गांजापेक्षा एक पायरी खाली, कारण त्यांचा हॉस्पिटलमध्ये थोडाफार उपयोग होतो. शेड्यूल थ्रीमध्ये केटामीन, टेस्टोस्टेरॉन, कोडीन घातलेली टायलेनॉल असली मंडळी येतात.

आता यातली कुठलीही गोष्ट तुम्ही दुकानात जाऊन उचलून आणू शकता का? नाही, प्रिस्क्रिप्शन लागतं. केटामीन शेड्यूल थ्रीमध्ये आहे म्हणून कोणी ते लीगल आहे असं म्हणत नाही, मग गांजाच्या बाबतीत तरी का म्हणायचं.

पण आमच्या स्टेटमध्ये तर दुकानं थाटलीत, बाहेर रांगा लागतात, मग ते काय?

ते स्टेटच्या कायद्याने चाललंय. २४ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी यांनी मोठ्या माणसांना मौजेसाठी गांजा चालेल असं ठरवलंय, सुरुवात २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन स्टेटने केली. औषध म्हणून परवानगी त्याच्या कितीतरी आधी, १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात आली. फेडरल कायदा, म्हणजे केंद्राचा, मात्र या सगळ्यात जागचा हलला नाही.

दोघांची टक्कर झाली तर कोण जिंकतं याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच देऊन ठेवलंय. कॅलिफोर्नियातल्या दोन आजारी बायकांची ती केस, त्यातल्या एकीने डॉक्टरच्या सांगण्यावरून घराशीच सहा झाडं लावली होती, स्टेटच्या कायद्यात ते बसत होतं, तरी फेडरल एजंट आले आणि झाडं नष्ट करून गेले. ना विक्री ना स्टेटबाहेर नेणं, तरीही कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की फेडरल सरकारला हा अधिकार आहे.

मग फेडरल पोलीस दुकानांवर धाडी का टाकत नाहीत?

कारण ठरवलंय म्हणून. ऑगस्ट २०१३ मध्ये जस्टिस डिपार्टमेंटने एक मेमो काढला, त्याचा मतलब असा की स्टेटचे नियम नीट पाळणाऱ्यांच्या मागे आम्ही लागत बसणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल सेशन्स यांनी तो मेमो रद्द केला, तरी धाडींचं सत्र काही सुरू झालं नाही. शिवाय २०१४ च्या शेवटापासून बजेटमध्ये एक कलम येत राहतं की स्टेटच्या मेडिकल गांजाच्या कार्यक्रमात आडवं येण्यासाठी जस्टिस डिपार्टमेंटने पैसे खर्च करायचे नाहीत. लक्षात घ्या, हे फक्त मेडिकलपुरतं आहे आणि दर बजेटला पुन्हा घालावं लागतं. म्हणजे अब्जावधी डॉलरचा धंदा उभाय तो सरकारने तिकडे बघायचं नाही असं ठरवलंय म्हणून. कायद्याचं असं संरक्षण त्याला नाहीच.

हेम्प आणि गांजा ही वेगळी झाडं आहेत का?

झाड एकच, कॅनाबिस सटायव्हा. फरक आहे तो एका आकड्याचा. ज्याने नशा चढते ते टीएचसी झाडाच्या कोरड्या वजनात ०.३ टक्के किंवा कमी असेल तर ते हेम्प, त्याच्यावर गेलं की मारिवाना, म्हणजे गांजा. हा ०.३ कुठून आला? अर्नेस्ट स्मॉल नावाच्या कॅनेडियन वनस्पतीशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात वर्गीकरणासाठी म्हणून ही रेघ ओढली होती, आणि ती मनाने ठरवलेली आहे हे त्याने स्वतःच म्हणून ठेवलंय. त्याच रेघेवर आज कोण शेतकरी आणि कोण गुन्हेगार हे ठरतं. शेतकऱ्याचं पीक कापणीच्या आधी टेस्ट होतं, आणि आकडा वर गेला की बाजारात नेता येत नाही, बऱ्याचदा उभं पीक मोडावं लागतं.

हेम्प कधीपासून लीगल झालं?

१९३७ च्या मारिवाना टॅक्स अ‍ॅक्टने दोन्हीला एकत्रच बांधलं. मध्ये दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्सकडचा दोरखंडाचा माल जपानमुळे बंद झाला तेव्हा सरकारनेच शेतकऱ्यांना हेम्प लावा म्हणून विनवलं, युद्ध संपल्यावर पुन्हा जैसे थे. मग २०१४ च्या फार्म बिलात (शेतीविषयीचा फेडरल कायदा) प्रयोगापुरती परवानगी, आणि २० डिसेंबर २०१८ ला सही झालेल्या फार्म बिलाने हेम्प कंट्रोल्ड सबस्टन्सेसच्या यादीतून पूर्ण बाहेर. याच्या मागे जोर लावला होता केंटकीचे सिनेटर मिच मॅक्कॉनेल यांनी, केंटकीच्या हेम्पपासून बनवलेल्या पेनने त्यांनी त्या बिलाच्या कागदावर सही केली होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

गॅस स्टेशनवर नशेच्या गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) उघड विकतात ते कसं काय चालतं?

हा सगळ्यात मजेशीर भाग. २०१८ च्या कायद्यात मोजमाप कशाचं? फक्त डेल्टा-९ टीएचसीचं, आणि तेही कोरड्या वजनाच्या टक्क्यात. लोकांनी त्यातून तीन वाटा काढल्या.

पहिली, डेल्टा-८. हेम्पमधून सीबीडी काढायचं (हे त्याच झाडातलं दुसरं रसायन, त्याने नशा होत नाही) आणि लॅबमध्ये अ‍ॅसिड वगैरे वापरून त्याचं डेल्टा-८ टीएचसी करायचं. कायद्यात शब्द डेल्टा-९ आहे, हे ८ आहे, झालं काम. नाइन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं की कायद्याचे शब्द बघता हे हेम्पच्या व्याख्येत बसतं, काँग्रेसची चूक असेल तर काँग्रेसने दुरुस्त करावी.

दुसरी, टीएचसीए. जिवंत झाडात टीएचसी फारसं नसतंच, असतं ते टीएचसीए, आणि काडी लावली की उष्णतेने त्याचं टीएचसी होतं. म्हणजे पाकिटावर ०.३ च्या आत, आणि पेटवलं की सरळ गांजा. शेतातल्या टेस्टमध्ये टीएचसीए धरून एकूण टीएचसी मोजायचा नियम होता, पण दुकानातल्या मालाला लोकांनी तो लावलाच नाही.

तिसरी वाट म्हणजे निव्वळ गणित. ४ ग्रॅमची एक गमी घ्या, तिचे ०.३ टक्के म्हणजे १२ मिलिग्रॅम. डिस्पेन्सरीत, म्हणजे गांजाच्या दुकानात, लायसन्स घेऊन विकतात त्या गमीत साधारण ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं! ३५५ मिलिलिटरच्या ड्रिंकच्या कॅनला हेच लावलं तर १००० मिलिग्रॅमच्या वर जातं, एवढं कोणी घालत नाही, पण कायद्याची मर्यादा किती ढिली होती ते कळतं. टक्केवारी रोपट्यासाठी ठरवली होती आणि लोकांनी ती पाकावर लावली.

आणि फेडरल कायद्यात या मालाला वयाची अट नाही, टेस्टिंगची सक्ती नाही. माझं मत विचाराल तर बंदीपेक्षा ही दोन कलमं आधी यायला हवी होती, २०१९ मध्येच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये काय झालं?

४३ दिवसांचं सरकारी शटडाऊन संपवणारं जे बिल १२ नोव्हेंबर २०२५ ला सही झालं, त्याच्या पोटात हेम्पची व्याख्याच बदलून टाकली. बातम्या सगळ्या शटडाऊनच्या, त्यामुळे अनेकांना पत्ताच नाही. बदल असे:

आता टीएचसी मोजताना टीएचसीए धरून एकूण टीएचसी मोजायचं. झाडात जे तयार होत नाही किंवा झाडाबाहेर लॅबमध्ये बनवलंय असं कॅनाबिनॉइड (टीएचसी, सीबीडी यांच्या जातीचं रसायन) हेम्पमध्ये बसणार नाही, म्हणजे डेल्टा-८ गेलं. आणि सगळ्यात मोठा दणका, तयार मालात एका डब्यात मिळून ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालणार नाही. एका गमीत नाही हं, अख्ख्या डब्यात. १० मिलिग्रॅमच्या २० गमीजचा डबा म्हणजे २०० मिलिग्रॅम, मर्यादेच्या ५०० पट.

हे सही झाल्यापासून ३६५ दिवसांनी लागू होतं, म्हणजे नोव्हेंबर २०२६ च्या मध्यात. तोपर्यंत फेडरल बाजूने जुनीच व्याख्या चालू, पण तुमच्या स्टेटने आधीच बंदी घातली असेल तर ती आहेच. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्येच टीएचसी असलेल्या हेम्पच्या खाण्यापिण्याच्या वस्तू बंद केल्या. उलट मिनेसोटाने २०२२ मध्ये एका सर्व्हिंगला ५ मिलिग्रॅमची मर्यादा घालून त्या रीतसर चालू दिल्या. टेक्ससमध्ये पूर्ण बंदीचं बिल पास झालं आणि गव्हर्नरनेच जून २०२५ मध्ये व्हीटो केलं.

आणि हो, ही दुरुस्ती रेटणारे कोण? मॅक्कॉनेल. त्यांचं म्हणणं, आम्ही शेतकऱ्यांसाठी दार उघडलं होतं, यांनी त्यातून नशा आणली. विरोध कोणाचा? सिनेटर रँड पॉल, तेही केंटकीचेच. त्यांनी कलम काढून टाकायचा प्रयत्न केला, तो ७६ विरुद्ध २४ ने पडला.

आईच्या गुडघ्यांसाठी सीबीडीचा बाम आणि तेल आणतो, ते पण जाणार का?

बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. "आयसोलेट" लिहिलं असेल तर त्यात सीबीडी सोडून बाकी काही नसायला हवं, ते बहुधा राहील. "फुल स्पेक्ट्रम" असेल तर त्यात थोडं टीएचसी असतंच, आणि ३० मिलिलिटरच्या बाटलीत अगदी ०.१ टक्का धरलं तरी ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास जातं, मर्यादा ०.४ ची. म्हणजे नशा न चढणाऱ्या बाटल्यासुद्धा यात सापडतात, आणि माझ्या मते या कायद्यातला हा सगळ्यात वेडगळ भाग आहे. डिसेंबरच्या ऑर्डरमध्ये ट्रम्प यांनी आपल्या लोकांना काँग्रेसशी बोलून फुल स्पेक्ट्रम सीबीडीसाठी काहीतरी मार्ग काढा असं सांगितलंय, पण कायदा बदलायचा तर तो काँग्रेसनेच.

दुसरं म्हणजे सीबीडी खाण्यात किंवा सप्लिमेंटमध्ये घालायला एफडीएने (औषधं आणि खाद्यपदार्थ तपासणारं फेडरल खातं) कधीच परवानगी दिलेली नाही, जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी परत सांगितलं की आमच्या आत्ताच्या नियमांत हे बसत नाही. सीबीडीचं मान्यता मिळालेलं औषध एकच, एपिडायोलेक्स, २०१८ पासून, आणि ते फिट्सच्या काही दुर्मिळ प्रकारांसाठी. गुडघेदुखीसाठी नाही. आईला बरं वाटत असेल तर चांगलंच आहे, पण ती रक्त पातळ करायच्या वगैरे गोळ्या घेत असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय तेलाचे थेंब नकोत, सीबीडी काही औषधांचं काम बिघडवतं.

विकत घेताना बाटलीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, लॅब रिपोर्ट उघडतो. त्यात बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळतोय का बघा, आणि "टोटल टीएचसी" ची ओळ बघा. कोड उघडतच नाही किंवा रिपोर्ट तीन वर्षांपूर्वीचा असेल तर बाटली परत ठेवा.

शेड्यूल थ्री झालं तर फायदा कोणाचा?

खरा फायदा दुकानदारांचा, टॅक्समध्ये. इन्कम टॅक्स कायद्यात २८०ई नावाचं कलम आहे, १९८२ चं. त्याच्या आदल्या वर्षी एका ड्रग विकणाऱ्याने कोर्टात जाऊन धंद्याचा खर्च वजावट म्हणून मिळवला होता, त्यावर चिडून काँग्रेसने हे आणलं. शेड्यूल वन किंवा टूचा माल विकणाऱ्याला भाडं, पगार, लाइटबिल काहीही वजा करता येत नाही, फक्त मालाची किंमत जाते.

समजा दुकानाची विक्री १० लाख डॉलर, माल ६ लाखांचा, भाडं-पगार ३ लाख. खरा नफा १ लाख. पण टॅक्स लागतो ४ लाखांवर, २१ टक्क्यांनी ८४,००० डॉलर. हातात राहिले १६,०००. शेड्यूल थ्रीला हे कलम लागू नाही, त्यामुळे टॅक्स २१,००० वर येतो. कंपन्या रिशेड्यूलिंगसाठी एवढ्या का हटून बसल्यात ते यावरून कळेल.

संशोधन करणाऱ्यांनाही सोपं जाईल. १९६८ पासून २०२१ पर्यंत फेडरल परवानगीने संशोधनासाठी गांजा पिकवायची एकच जागा होती, मिसिसिपी युनिव्हर्सिटी.

तुम्हाआम्हाला मात्र फरक जवळजवळ शून्य. डिस्पेन्सरीतला माल एफडीएची मान्यता घेतलेलं औषध नाही, त्यामुळे शेड्यूल थ्रीमध्येही तो फेडरल कायद्याने बेकायदाच राहतो. बँकांचा प्रश्नही आपोआप सुटत नाही, त्यासाठीचं वेगळं बिल काँग्रेसमध्ये वर्षानुवर्षं घिरट्या घालतंय.

एवढा वेळ का लागतोय?

ऑक्टोबर २०२२ मध्ये बायडेन म्हणाले बघा जरा. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्य खात्याने शेड्यूल थ्री करा अशी शिफारस केली. मे २०२४ मध्ये जस्टिस डिपार्टमेंटने प्रस्ताव छापला, त्यावर लोकांच्या ४०,००० च्या वर प्रतिक्रिया आल्या. मग सुनावणी ठरली, जानेवारी २०२५ मध्ये तीच अडकली आणि गाडी वर्षभर सायडिंगला. आता पुन्हा ढकललीय. अंतिम नियम निघाला तरी कोणी ना कोणी कोर्टात जाणारच, हे गृहीत धरा.

मी एच-१बी वर आहे. कॅलिफोर्नियात लीगल आहे ना, मग एखादी गमी खाल्ली तर काय होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर सगळ्यात कटू आहे. इमिग्रेशन हा पूर्णपणे फेडरल मामला, आणि तिथे तुमच्या स्टेटचा कायदा कोणी विचारत नाही. जो सिटिझन नाही त्याच्यासाठी, विसा असो की ग्रीन कार्ड, गांजा आजही कंट्रोल्ड सबस्टन्स आहे.

त्यातही लोकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की शिक्षाच व्हायला पाहिजे असं नाही. कंट्रोल्ड सबस्टन्सचा गुन्हा केल्याचं तुम्ही ऑफिसरसमोर नुसतं कबूल केलं तरी एंट्री नाकारायला ते कारण होऊ शकतं. एअरपोर्टवर फोन तपासताना डिस्पेन्सरीत हसत काढलेला फोटो निघाला आणि ऑफिसरने विचारलं की हे तुम्हीच का, तर तिथून पुढचा संवाद तुम्हाला नको असतो. खोटं बोलणं हा आणखी वेगळा आणि जास्त मोठा गुन्हा, त्यामुळे तोही मार्ग नाही. वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तर देत नाही असं म्हणता येतं.

ग्रीन कार्डच्या मेडिकलमध्येही डॉक्टर ड्रग्जबद्दल विचारतात. "कधीतरी पार्टीत" हे उत्तर आपल्याला किरकोळ वाटतं, पण फॉर्मवर त्याचं वजन वेगळं असतं.

स्वतःसाठी ३० ग्रॅमपर्यंत बाळगल्याचा एकच गुन्हा असेल तर डिपोर्टेशनच्या कायद्यात त्याला अपवाद आहे, पण हा अपवाद आत असलेल्यांसाठी. तोच माणूस भारतात लग्नाला जाऊन परत आला की दारात नियम वेगळे लागतात. म्हणून असा रेकॉर्ड असेल तर तिकीट काढायच्या आधी इमिग्रेशन वकील, ट्रॅव्हल एजंट नंतर.

बायडेननी माफी दिली होती ना?

दिली होती, ऑक्टोबर २०२२ मध्ये, नुसतं बाळगण्याच्या फेडरल गुन्ह्यांना, आणि डिसेंबर २०२३ मध्ये थोडी वाढवली. पण ती सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. एच-१बी आणि एफ-१ वाले त्यात नाहीत.

मी डिस्पेन्सरीसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आहे, गांजाला हातही लावत नाही.

एप्रिल २०१९ मध्ये यूएससीआयएसने (इमिग्रेशनचे अर्ज बघणारं खातं) लेखी सांगितलंय की स्टेटमध्ये लीगल असलं तरी गांजाच्या धंद्यात काम करणं हे सिटिझनशिपच्या वेळी "चांगल्या चारित्र्याच्या" आड येऊ शकतं. सॉफ्टवेअरवाला त्यात किती मोजायचा हे केसवर अवलंबून. ऑफर चांगली असेल, पण ग्रीन कार्डच्या रांगेत पंधरा वर्षं काढणाऱ्याने ही जोखीम का घ्यावी हे मला तरी समजत नाही.

सीबीडी घेतलं तर ऑफिसच्या ड्रग टेस्टमध्ये येईल का?

येऊ शकतं. टेस्ट सीबीडी शोधत नाही, टीएचसीचा शरीरात उरलेला अंश शोधते, आणि फुल स्पेक्ट्रम रोज घेणाऱ्याच्या लघवीत तो सापडू शकतो. डेल्टा-८ चंही तेच. "पण ते लीगल हेम्प होतं" हे एचआरला सांगून उपयोग होईलच असं नाही, आणि ट्रकवाले, पायलट यांच्यासारख्या डीओटीच्या (वाहतूक खात्याच्या) टेस्टवाल्यांना तर ही सबब अजिबात चालत नाही.

रोड ट्रिपला, विमानात न्यायला चालेल का?

कॅलिफोर्नियातून ओरेगनला, दोन्हीकडे लीगल असलं तरी, सीमा ओलांडली की फेडरल गुन्हा. योसेमिटी, यलोस्टोन ही फेडरल जमीन, तिथे रेंजर पावती फाडतो आणि केस फेडरल कोर्टात जाते, स्टेटमध्ये काय लीगल आहे याच्याशी त्याला घेणं नाही. विमानात ०.३ च्या आतलं हेम्पचं सीबीडी टीएसएला (एअरपोर्टवर बॅगा तपासणाऱ्यांना) चालतं. टीएसए गांजा शोधत फिरत नाही, पण सापडला तर पोलिसांना कळवतात. विसावाल्याने या "शोधत नाहीत" वर विसंबून राहू नये.

भारतात येताना भावासाठी झोपेच्या गमीज आणू का?

अजिबात नको. भारतात १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे, त्यात चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणं येतात. टीएचसीचा अर्क घातलेली गमी किंवा व्हेप घेऊन मुंबईत उतरलात तर कस्टम्ससमोर "अमेरिकेत मिळतं" हे उत्तर नाही. भांगेची पानं त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर आहेत आणि भांगेचं नियमन राज्यांकडे आहे, म्हणून महाशिवरात्रीला वाराणसीच्या सरकारमान्य दुकानात जे चालतं ते बघून बॅगेतल्या गमीबद्दल अंदाज बांधू नका. भावाला झोप येत नसेल तर भारतात आयुष लायसन्सवर विजयाच्या (म्हणजे भांगेच्या) पानांची औषधं मिळतात, वैद्याला विचारून तिथलीच घेऊ दे.

गावाकडे शेत आहे, हेम्प लावून अमेरिकेला पाठवता येईल का?

हा प्रश्न यूट्यूबने जन्माला घातलाय. उत्तराखंडने २०१८ मध्ये लायसन्स देऊन हेम्पची शेती सुरू केली, पण महाराष्ट्रात असं लावायला गेलात तर एनडीपीएस लागतो, उसात नाहीतर तुरीत लपवलेली झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. आणि अमेरिकेत बाजार कोसळायच्या बेतात असताना तिथे माल पाठवायचा विचार कशाला. धागा आणि बियांसाठीचं हेम्प नव्या व्याख्येतही टिकतं, पण व्हिडिओतला एकरी नफा त्यात नाही.

बंदूक घ्यायचीय, गांजाचं मेडिकल कार्ड आहे. चालेल का?

फेडरल कायद्याने गांजा घेणाऱ्याला बंदूक ठेवता येत नाही, फॉर्मवर सरळ प्रश्न असतो आणि कार्डाने त्याचं उत्तर बदलत नाही. या कलमावरची एक केस सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीला घेतलीय.

घरात गमीज होत्या आणि मुलाने चॉकलेट समजून खाल्ल्या, काय करू?

पॉयझन कंट्रोलला फोन करा, १-८००-२२२-१२२२, चोवीस तास आणि फुकट. मूल उठत नसेल, श्वास नीट नसेल तर सरळ ९११. लहान मुलांना दोनचार गमीजमध्येच हॉस्पिटल लागू शकतं आणि परिणाम दिसायला एकदोन तास जातात, त्यामुळे आत्ता ठीक दिसतोय म्हणून थांबू नका. किती खाल्ल्या आणि कधी ते लपवू नका, विसाची भीती वाटत असली तरी. पाकीट सोबत न्या, डॉक्टरला मिलिग्रॅमचा आकडा हवा असतो.

नोव्हेंबर २०२६ च्या आधी साठा करून ठेवू का?

नको. बंदी विकणाऱ्यापुरती नाही, व्याख्याच बदलतेय, म्हणजे जो माल आज हेम्प आहे तोच कपाटात बसल्या बसल्या फेडरल कायद्याने मारिवाना होतो. मुदत वाढवून घ्यायची धडपड उद्योगवाल्यांची चालू आहे, ती फळाला आली तर दुकानं कुठे जात नाहीत.